जैसलमेरची बॅग

अकोला, २० डिसेंबर

प्रतीक्षा,

फोन उचलत नाही तर नको उचलू. पत्र काई तुले कट करता येत नाही, पोस्टमन दारात टाकूनच जाईन. तुही आई हसते. म्हणते, आजकाल पत्र कोण लिवते? म्हटलं, ज्याचा फोन त्याची पोरगी घेत नाही तो लिवते.

तर बातमी अशी, की नव्या वर्षात आमी दोघं धर्मेंद्रकडे जैसलमेरले चाललो. तुया भाऊ तिथं सोलरच्या कंपनीत लागला त्याले वर्ष होऊन गेलं, अन् बापानं अजून त्याची खोली पाह्यली नाही. इथं साऱ्या गल्लीले सांगून झालं. शेजारचे नत्थुजी म्हणे, "केशवराव, वाळवंट हाये बाप्पा ते, जपून." मी म्हटलं, "नत्थुजी, अकोल्याच्या मे महिन्यात, पत्र्याच्या दुकानात बसून मी उभा जन्म डेझर्ट कूलर इकले. मले वाळवंट कोणी शिकवू नका." दुकानातले सारेच हसले.

घरात मात्र बॅगेवरून रोजची कटकट. तुही आई स्वेटर काढून राहिली, शाल काढून राहिली, कानटोपी, पायमोजे, वरून ते जाडं ब्लँकेट. म्हटलं, "काहून वं, काश्मीरले चालली का?" तर म्हणे, "पोराचा फोन आलता ना तुमाले? कपड्याचं काय म्हणे तो?" म्हटलं, "काई नाई. लवकर या म्हणे." बॅग कशी भरायची ते मले कळते. सुती कपडे, पांढरे गमछे, तिचे तोंडाले बांधायचे दुपट्टे, ग्लुकोजचे डबे, अन् ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवायले कांदे. शिवाय धर्मेंद्रच्या खोलीले मी माह्या हातानं कूलर बसवून देणार आहे. बॉडी तिथं भेटन, पण मोटर, पंप अन् खसच्या गवताच्या ताट्या आपल्या दुकानातल्याच नेतो. पोरानं म्हटलं पाहिजे, बाप आला अन् खोली थंड करून गेला.

तू छोटीच्या बारशाचं अजून धरून बसली का? भरल्या घरात लाइट गेली, अन् जावईबापूनं वायरिंग स्वस्तातली केली असं मी म्हटलं. पाहुण्यांसमोर म्हटलं, एवढंच ना? लाइट कोणाच्याही घरची जाते. बापाचं बोलणं इतकं मनावर घ्यावं का माणसानं?

तुही आई मार्चची वाट पाहून राहिली. तुही बाळंतपणाची सुटी संपली की ती अमरावतीले येईन अन् छोटीले सांभाळन, हे तुमचं मायलेकीचं ठरलं, मले कोणी विचारलं नाही. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवून तिनं आतापासूनच गठुडं बांधून ठेवलं. दिवसातून एकदा सोडते, पाहते, पुन्हा बांधते.

छोटीचा पापा घे माह्या नावानं.

तुया बाबा


जैसलमेर, ९ जानेवारी

प्रतीक्षा,

घाबरू नको. धर्मेंद्रनं तुले फोनवर जरा वाढवूनच सांगतलं. तुह्या आईले ताप आहे, छातीत कफ झाला. डॉक्टर न्यूमोनिया म्हणतात. डॉक्टर लोकं मोठंच नाव घेतात. ऑक्सिजन लावला होता, तो काल काढला. आज अर्धी वाटी वरण-भात खाल्ला तिनं.

झालं असं. पोचलो त्याच दिवशी धर्मेंद्रनं आमाले वाळूच्या टेकड्यांवर नेलं. तिथं तंबू असतात, रात्री तिथंच रायचं. दिवसभर छान होतं. तुही आई उंटावर बसली, फोटो काढला, तुले पाठवलाच असन. पण सूर्य बुडाला अन् हवा सुटली. अवं, ती थंडी! वाळू पायाले बर्फ लागे. मले वाटलं होतं वाळवंट म्हणजे रात्रीबी तव्यावाणी तापून रायत असन. तुह्या आईनं बॅग उघडली. गमछे निघाले, कांदे निघाले, खसच्या ताट्या निघाल्या. गरम कपडा एक निघाला नाही. तिनं बॅग उलटी केली, झटकली. "अवो, मी ठेवलं होतं," म्हणे.

आता इसरली असन. वय झालं. माणूस इसरते.

धर्मेंद्रनं त्याचं जाकीट दिलं, तंबूवाल्यानं एक रजई दिली, पण तोवर तिच्या अंगात हुडहुडी भरली होती. सकाळी जीपमधून थेट दवाखान्यात आणलं.

तू फोनवर तिले रागावली. "आई, थंडीच्या दिवसात एवढंही तुह्या लक्षात राह्यलं नाही?" हे तू तापातल्या माणसाले म्हणायले नको होतं. ती एकच बोलत राह्यली, "ठेवलं होतं वं पोरी, माह्या हातानं ठेवलं होतं." नंतर तर धर्मेंद्रले तुह्या मामाच्या नावानं हाका मारल्या तिनं. ताप उतरला तसं तेबी उतरलं. पण तुही काळजी मले समजते. तुही काई चूक नाही.

इथं पाणी टँकरनं येते. धर्मेंद्र म्हणे, "बाबा, प्यायचं पाणी मोजून वापरतो आमी, कूलर कायले आणला?" मोटर त्याच्या पलंगाखाली पडून आहे.

बाबा


अकोला, २९ जानेवारी

प्रतीक्षा,

काल तुया फोन आला. माह्या नंबरवर. मी दोनदा नाव वाचलं. "बाबा, कसे आहात?" म्हणाली तू. सप्टेंबरच्या बारशानंतर पयल्यांदा. मी नत्थुजीले सांगून आलो, पोरीचा फोन होता म्हणून. आज पुन्हा आला. रोज संध्याकाळी करीन म्हणाली, आईचं काय चाललं ते विचारत जाईन. विचार, बापा. मी सांगत जाईन.

तरी हे पत्र लिवून राहिलो, कारण फोनवर ती बाजूलेच बसलेली रायते.

ती घरी आल्यापासून गरम कपडे शोधून राहिली होती. नेले नाही तर घरातच असले पाहिजे, हा तिचा हिशोब. कपाट पाह्यलं, दिवाण पाह्यला, गव्हाच्या कोठीतबी हात घालून पाह्यलं. कुठंच नव्हते. सोमवारी आंघोळ करून आली, लुगडं काढायले कपाट उघडलं, तर समोरच्याच कप्प्यात सारं काई. शाल, स्वेटर, कानटोपी, ब्लँकेट, नीट घडी केलेलं. ती खाली फरशीवरच बसली. "अवो, कालच पाह्यलं होतं मी इथं. ह्याच कप्प्यात पाह्यलं होतं." मी म्हटलं, "नजरचूक होते." ओल्या केसानं तशीच बसून राह्यली.

तेव्हापासून तिचं असं आहे. गॅस बंद केला की मोठ्यानं म्हणते, "बंद केला." मंग बाहेर येऊन मले विचारते, "बंद केला ना मी?" दूध आणायले निघते अन् दारातून परत येते. काल तुह्या मावशीचं नाव तिले पटकन आठवलं नाही, तर अर्धा दिवस रडली. नाव काय, मलेबी आठवत नाही कधी कधी.

अमरावतीच्या डोक्याच्या डॉक्टरची वेळ घेतली म्हणाली तू. दाखव. दाखवण्यात काय जाते. अन् छोटीसाठी पाळणाघर पाह्यलं म्हणाली. त्याची काई घाई होती का? तुह्या आईले मी सांगतलं. ती म्हणे, "बरं झालं. मी गॅस चालू ठेवून झोपली असती तर?" गोधड्यांचं गठुडं तिनं दिवाणात खाली टाकून देलं.

उद्या फोन करशीलच.

बाबा


अकोला, ८ फेब्रुवारी

प्रतीक्षा,

दुकानात बसून लिवून राहिलो. या दिवसात गिऱ्हाईक नसते. हे पत्र पुरं वाच, मधात फाडू नको.

काल नत्थुजीची सून सीमा तिचं बाळ घेऊन आली. तिले वाळत घातलेले कपडे काढायचे होते, म्हणे, "काकू, घ्या जरा याले." तुही आई दोन्ही हात मागं करून भिंतीले टेकली. "नको वं माय, माह्याजवळ नको देऊ. कुठं ठेवून इसरली तर मी?" सीमा हसली, तिले वाटलं काकू मजाक करून राहिल्या. मी तिथंच खुर्चीवर पेपर घेऊन बसलो होतो. मले पेपर खाली ठेवायची हिंमत झाली नाही.

तुही आई काईच इसरली नव्हती. कपडे मी काढले.

तिनं सारं भरलं होतं. निघायच्या दिवशी ती राजेश्वराच्या देवळात गेली. मले मोटर अन् ताट्या बसवायच्या होत्या, बॅगेत जागा नव्हती. मी गरम कपडे काढले, दुकानात नेले अन् एका रिकाम्या कूलरच्या बॉडीत टाकून देले. म्हटलं, तिथं गेल्यावर ऊन पाहून तीच हसन. अन् धर्मेंद्रचा फोन काय होता तेबी ऐक. तो म्हणत होता, "बाबा, रात्री लय थंडी पडते, आईचे सारे गरम कपडे आणा, काई ठेवू नका." मी म्हटलं, हो. मले वाटलं पोरगं नाजूक झालं. ऊन म्हणजे काय ते आपल्याले माहीत, आपल्याले कोण सांगणारा, असं मले वाटलं. बायकोलेबी सांगतलं नाही. सांगतलं असतं तर तिचं खरं झालं असतं.

तंबूत तिनं बॅग उलटी केली तेव्हा धर्मेंद्र समोर होता. तो माह्याकडे पाहून राहिला होता. मी म्हटलं, "घरीच इसरली असशील." सहज निघालं तोंडातून. त्याच घडीले सांगतलं असतं तर काय झालं असतं? पोरगा रागावला असता, बायको चार शब्द बोलली असती, अन् सकाळपर्यंत संपलं असतं. पण मी थंडीनं काकडून राहिलेल्या बाईले तिच्या पोरासमोर इसरभोळी ठरवलं. मंग दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, गरम कपडे नव्हते का? तिथंबी तेच सांगतलं. तुले लिवलं तेबी तेच. एकदा बोललं की दुसऱ्यांदा सोपं जाते अवं.

कपाटात कपडे मीच ठेवले. ती रोज शोधून राहिली होती, मले पाहवत नव्हतं. म्हटलं सापडले की तिचा जीव थंड होईन. आदल्या दिवशी तिनं तोच कप्पा पाह्यला होता, हे मले माहीतच नव्हतं. ती फरशीवर बसली तेव्हा समजलं. तेव्हा तरी बोलायचं होतं! तिच्या डोळ्यात भेव होतं अन् मी "नजरचूक" म्हणून चहा मागितला.

आता सगळ्यात वाईट ते सांगतो. तू मले फोन करू लागली. "बाबा, तुम्ही आहात म्हणून बरं," म्हणाली परवा. मले ते गोड लागलं, पोरी. मी दुपारपासून तुह्या फोनची वाट पाहू लागलो. आईनं आज काय इसरलं ते तुले सांगायले काईतरी पाहिजे, म्हणून मी तिच्यावर नजर ठेवू लागलो. एक दिवस तिनं काईच चूक केली नाही, तर मले वाटलं, आज पोरीसंगं काय बोलू? हे वाटलं मले. लाज वाटते हे लिवतानी, पण वाटलं.

लिवायले बसलोच तर बारशाचंबी लिवतो. तुमच्या हॉलमधला कूलर आवाज करून राहिला होता, मी तो कोणाले न विचारता खोलला अन् वायर उलटी जोडली. सारी लाइट माह्याच हातानं गेली. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियननं जावईबापूले ते दाखवलं असन, अन् तो भला माणूस मले एका शब्दानं बोलला नाही. त्यायच्या आईवडिलांसमोर मी त्यायले कमी दाखवलं. तू माह्यावर रागावली ते बरोबर होतं.

हे पत्र टाकायच्या आधी मले तिले सांगणं आहे. तुले लिवणं सोपं आहे, तू समोर नाही. तिच्यासमोर जाऊन तोंड उघडणं अवघड. दोनदा शटर खाली केलं अन् दोनदा वर केलं.

बाबा


अकोला, ९ फेब्रुवारी

प्रतीक्षा,

सांगतलं.

सकाळी ती चहा घेऊन बसली होती. मी कालचं पत्र काढलं अन् वाचायले लागलो. तोंडानं सांगणं जमलं नसतं, कागदाच्या मागं लपता येते. कपाटाच्या ओळीपर्यंत आलो तर तिनं हात वर केला.

"थांबा. कपाटात तुमी ठेवले?"

"हो."

"आदल्या दिवशी मी पाह्यलं तवा तिथं नव्हते?"

"नव्हते."

"म्हणजे मी बरोबर पाह्यलं होतं?"

"बरोबर पाह्यलं होतं."

तिनं कप खाली ठेवला अन् पुन्हा पयल्यापासून विचारलं. बॅगेत मी ठेवलं होतं ना? शालबी? पायमोजेबी? मी हो हो म्हणत गेलो. मले वाटलं होतं शिव्या देईन, डोकं आपटून घेईन. ती हसली अवं! "बाप्पा! माह्यं डोकं चांगलं हाये!" पदर तोंडाले लावून हसली, अन् हसता हसता रडू लागली. उठून तशीच शेजारी गेली, सीमाचं बाळ कडेवर घेऊन आली, अन् मलेच दाखवू लागली, पहा, कसं हसते माह्याकडे पाहून. तिच्या त्या आनंदासमोर मले उभं राहवेना. एवढं सारं मी तिचं काढून घेतलं होतं.

राग दुपारी आला. भांडे घासता घासता ती थांबली. "रोज मी तुमाले विचारे, गॅस बंद केला का. अन् तुमी उठून पाहून येत होते."

मी पेपर खाली ठेवला.

"पाहून येत होते! मले माहीत असतानी, की माह्यं डोकं जागेवर हाये, तुमी सैपाकघरात जाऊन पाहून येत होते अन् म्हणत होते, हो, बंद हाये!"

हे खरं आहे. कालच्या पत्रात मी हे लिवलं नव्हतं. मी उठत होतो, आत जात होतो, थोडा थांबत होतो अन् येऊन सांगत होतो. ती मान हलवे अन् म्हणे, बरं झालं तुमी हायेत.

मी म्हटलं, "लाव फोन पोरीले, तूच सांग तिले." तर ती म्हणे, "मी सांगतलं तर ती काय म्हणन? हो आई, बरं आई. आता लेकराले समजावल्यावाणी बोलते ती माह्यासंगं. तिले वाटन, आई काईबी जोडून बोलून राहिली. माह्यं खरं कोण मानते आता? धर्मेंद्र मानत नाई, ती मानत नाई. मीच मानत नव्हती. तुमी लिवून द्या."

नवऱ्याच्या सहीशिवाय तिचं शहाणपण तिच्या लेकराले पटणार नाही, इथं आणून ठेवलं मी तिले. चाळीस माणसांचा सैपाक एकटीनं करणाऱ्या बाईले.

उद्या सकाळच्या बसनं ती अमरावतीले येऊन राहिली. कालचं अन् हे, दोन्ही पत्रं तिच्याच हाती देतो. मी म्हटलं, स्टँडवर सोडून देतो. म्हणे, नको. मी म्हटलं, बॅग तरी उचलू दे. तेबी नको म्हणाली.

म्हणून लिवून देतो. तुही आई माणिकबाई हिनं जैसलमेरले जातानी सारे गरम कपडे बॅगेत ठेवले होते. ते मी काढले. घरी ते कपाटात नव्हते, अन् ती नव्हते म्हणाली ते खरं होतं. ते मी नंतर ठेवले. तिचं डोकं शाबूत आहे, पहिल्यापासून शाबूत होतं. डॉक्टरची वेळ रद्द कर. छोटीले तिच्या हातात दे, अन् देतानी तिच्या तोंडाकडे पाहू नको, ती घाबरन. सहज दे. धर्मेंद्रले मी आज असंच पत्र टाकतो.

हे वाचल्यावर संध्याकाळी तुया फोन येणार नाही. मी वाट पाहीन, पण तू करू नको.

ती समोर बसली आहे. एक एक ओळ वाचून घेतली तिनं. म्हणते, सही नीट करा, घाईत केल्यासारखी नको. पुरं नाव लिवा.

केशवराव नारायणराव बोंडे